ग्वांगझू: शहराची बोली आणि शहरावरील हक्क

दक्षिण चीनमधील ग्वांगझू शहराच्या मेट्रोत पुढील स्थानकाची घोषणा मँडरिन, कँटोनीज आणि इंग्रजी या तीन भाषांत होते. मँडरिन ही देशाची अधिकृत भाषा, कँटोनीज ही शहराची पिढीजात बोली, तर इंग्रजी ही व्यापारासाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्यांची सोय. वरकरणी साध्या दिसणाऱ्या या व्यवस्थेमागे अनेक दशकांची ओढाताण आहे. २०२० च्या जनगणनेनुसार ग्वांगझूची लोकसंख्या १ कोटी ८६ लाखांहून अधिक असून, त्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांची कायम रहिवासी नोंदणी या शहरात नाही. त्यामुळे येथे कोणती भाषा बोलावी, या प्रश्नाआड हे शहर कोणाचे, हा प्रश्न उभा आहे.

पर्ल नदीच्या मुखप्रदेशातील हे बंदर दोन हजार वर्षांहून अधिक जुने आहे. १७५७ ते १८४२ या काळात युरोपीय व्यापाऱ्यांना समुद्रमार्गे व्यापारासाठी चीनमधील हे एकच बंदर खुले होते. मुंबईतील जमशेदजी जीजीभाईंसारख्या पारशी व्यापाऱ्यांनी कापूस आणि अफूच्या व्यापारातून संपत्ती उभारली ती याच ‘कँटन’शी जोडलेल्या जलमार्गावर. पुढे राजेशाहीविरोधी क्रांतीचे नेते सुन यत्-सेन याच प्रांतातून पुढे आले. बीजिंगपासून दूर, समुद्राकडे तोंड करून उभे असलेले आणि व्यवहाराला महत्त्व देणारे शहर ही ग्वांगझूची स्वप्रतिमा या इतिहासातून घडली, आणि तिचे सर्वांत ठळक चिन्ह म्हणजे कँटोनीज.

कँटोनीज आणि मँडरिन यांची लिपी एक असली, तरी बोलताना एकीच्या भाषकाला दुसरी कळत नाही. मँडरिनमध्ये चार स्वर आहेत, तर कँटोनीजमध्ये किमान सहा. शब्दसंग्रह आणि वाक्यरचनाही बऱ्याच प्रमाणात वेगळी आहे. असे असूनही चीनच्या अधिकृत वर्गीकरणात कँटोनीजला भाषेचे नव्हे, तर प्रादेशिक बोलीचे स्थान आहे. या वर्गीकरणाचे परिणाम दूरगामी आहेत. चीनच्या राज्यघटनेचे चौथे कलम देशातील सर्व वांशिक समूहांना आपापली भाषा वापरण्याचे व विकसित करण्याचे स्वातंत्र्य देते. मात्र कँटोनीज बोलणारे लोक बहुसंख्य हान समूहातच गणले जातात. स्वतंत्र समूह नाही म्हणून स्वतंत्र भाषा नाही, आणि स्वतंत्र भाषा नाही म्हणून ते संरक्षणही नाही, असा हा पेच आहे. दुसरीकडे, घटनेचे एकोणिसावे कलम देशभर मँडरिनच्या प्रसाराची जबाबदारी शासनावर सोपवते. १ जानेवारी २००१ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय भाषा कायद्याने ती अधिक बळकट केली.

तरीही ग्वांगझूला दीर्घकाळ काहीशी सूट मिळाली. १९८० च्या दशकात शहरातील घराघरांवर माशाच्या काट्यासारखे दिसणारे अँटेना उभे राहिले आणि हाँगकाँगच्या कँटोनीज मालिका व बातम्या थेट दिवाणखान्यात पोहोचल्या. त्या आकर्षणाला तोंड देण्यासाठी स्थानिक वाहिन्यांना कँटोनीजमध्ये प्रसारण करू देण्यात आले. शेजारच्या शहराशी स्पर्धा करण्याच्या गरजेने बोलीला अशी जागा मिळवून दिली.

ही जागा किती अस्थिर आहे, हे २०१० मध्ये दिसले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये शहरात आशियाई क्रीडा स्पर्धा होणार होत्या. बाहेरून येणाऱ्यांच्या सोयीसाठी ग्वांगझू दूरचित्रवाणीने मुख्य वाहिनीवर मँडरिनचा वापर वाढवावा, असा प्रस्ताव शहराच्या राजकीय सल्लागार परिषदेकडून जुलैमध्ये मांडण्यात आला. २५ जुलै रोजी च्यांगनानशी मेट्रो स्थानकाजवळ मोठ्या संख्येने नागरिक जमले. त्यांत तरुणांचा भरणा होता. १ ऑगस्टला पुन्हा निदर्शने झाली आणि त्याच दिवशी हाँगकाँगमध्येही पाठिंब्याचा मोर्चा निघाला. पोलिसांनी काहींना ताब्यात घेतले. कँटोनीज हद्दपार करण्याचा कोणताही विचार नसल्याचा खुलासा अधिकाऱ्यांना करावा लागला आणि प्रस्ताव बारगळला.

मात्र १ मार्च २०१२ पासून ग्वांगडोंग प्रांताची नवी नियमावली लागू झाली. शासकीय कामकाजात मँडरिन आणि बोलीतील प्रसारणासाठी प्रसारण खात्याची मंजुरी, ही तिची मुख्य सूत्रे आहेत. खरा बदल त्याआधीच शाळांमधून सुरू झाला होता. मँडरिन बोलणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण असल्याचे फलक शाळांच्या भिंतींवर लागले. वर्ग, परीक्षा आणि पुढील नोकरी मँडरिनमध्ये असल्याने अनेक घरांत आजी-आजोबांशी कँटोनीज आणि आई-वडिलांशी मँडरिन, अशी विभागणी दिसू लागली.

या कथेची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. हुबेई, हुनान, सिचुआन अशा प्रांतांतून आलेल्या कामगारांसाठी मँडरिन ही केवळ वरून लादलेली भाषा नाही. परक्या शहरात एकमेकांशी बोलण्याचे ते एकमेव सामाईक साधन आहे. त्यांची अडचण वेगळी आहे. १९५८ च्या नियमांनी पक्की झालेली ‘हुकोउ’ ही रहिवासी नोंदणी पद्धत मुलांच्या शाळेपासून सामाजिक सुरक्षेपर्यंत अनेक हक्क मूळ गावाशी बांधून ठेवते. शिक्षण, कौशल्य, वास्तव्याचा काळ अशा निकषांवर गुण मिळवून शहराची नोंदणी मिळू शकते; परंतु कारखान्यातील बहुसंख्य कामगारांना ते गुण जमवणे कठीण जाते.

हे कामगार राहतात ते प्रामुख्याने ‘शहरी खेड्यांत’. शहर वाढताना खेड्यांची शेती सरकारने घेतली, घरांच्या जागा मात्र ग्रामस्थांकडे राहिल्या. त्यांवर भाड्याच्या बहुमजली इमारती इतक्या दाटीने उभ्या राहिल्या, की समोरासमोरच्या खिडक्यांतून हस्तांदोलन करता येईल, असे म्हटले जाते. येथे घरमालक बहुधा कँटोनीज बोलणारा स्थानिक असतो आणि भाडेकरू परप्रांतीय. टीव्हीवरील भाषेच्या वादात दुर्बळ ठरलेला गट घरभाड्याच्या व्यवहारात सबळ असतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये हाईझू जिल्ह्यातील कांगले या वस्तीत हा ताण उघड झाला. छोट्या शिवणकाम कारखान्यांत राबणारे, मुख्यतः हुबेईहून आलेले कामगार कोविडच्या टाळेबंदीत काम आणि मिळकतीविना अडकले होते. त्यांनी अडथळे पाडून रस्त्यावर धाव घेतली; महिनाअखेरीस पोलिसांशी चकमकीही झाल्या. त्यानंतर लगेचच शहराने निर्बंध शिथिल केले.

दरम्यान, शासन स्थानिक संस्कृतीचा गौरव करत आहे. कँटोनीज संगीतनाट्य २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत समाविष्ट झाले. त्याचे संग्रहालय २०१६ मध्ये एन्निंग मार्गावर उघडले; ब्रूस ली यांच्या वडिलांचे जुने घरही याच परिसरात जतन केले आहे. परंतु वारसा म्हणून बोली जपणे आणि शाळा, कार्यालय, बातम्या यांत तिला जागा देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला प्रोत्साहन आहे, दुसरीला मंजुरी लागते. मूळ रहिवाशांना भाषेबाबत आणि स्थलांतरितांना नोंदणीबाबत निर्णयात फारसा आवाज नाही. हे या दोन्ही गटांतील साम्य क्वचितच बोलून दाखवले जाते.

भारताच्या जनगणनेत मातृभाषेची नोंद होते; त्यामुळेच इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद येथे मराठी भाषक किती, हे सांगता येते. चीनच्या जनगणनेत वांशिक समूह आणि हुकोउचे ठिकाण विचारले जाते, मातृभाषा नाही. परिणामी ग्वांगझूत बाहेरून आलेले किती, याचा आकडा सरकारकडे आहे. कँटोनीज बोलत वाढणारी मुले किती उरली, याचा नाही.