दोन बोटांची फट

नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर धावून भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावाशी थांबतो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेला गुळगुळीत काँक्रीटचा रस्ता तालुक्याच्या दाराशी आला. दिघाशी याच तालुक्यातले गाव. इथल्या एखाद्या तरुणाने हौसेने घेतलेली टर्बो इंजिनाची हॅचबॅक समृद्धीवर जितकी धावते, त्याहून जास्त ती गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरांनी उखणलेल्या रस्त्यांवर, गावाच्या वेशीवरच्या गतिरोधकांवर आणि पावसाळ्यात पाण्याने झाकलेल्या खड्ड्यांवर धावते. अशी गाडी ‘डाऊन’ करायची, म्हणजे टायर आणि मडगार्डमधली चार बोटांची फट दोन बोटांवर आणायची, तर नेमके कोणते भाग घ्यावेत? प्रश्न गॅरेजमधला असला, तरी त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे.

गाडी खाली बसवली की ती वळणावर रस्त्याला चिकटते, असे सर्रास सांगितले जाते. ते किती खरे आहे, हे आकडेमोडीने पाहता येते. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. सरकणारा भार काढायचा तर गाडीचे वजन, बाजूचा जोर आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा गुणाकार करून त्याला दोन चाकांमधल्या रुंदीने भागायचे. बाराशे किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर, चाकांमधले अंतर दीड मीटर आणि वळणावरचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या आठ दशांश, असे धरले तर सुमारे ३५२ किलो भार बाहेर सरकतो. गाडी ३० मिलिमीटर खाली आणली की हाच आकडा ३३३ होतो. एवढा खटाटोप करून भार वाचला एकोणीस किलो! चालकाला जो फरक जाणवतो तो प्रामुख्याने उंचीचा नसतोच. सोबत आलेल्या कडक स्प्रिंगांमुळे गाडी कमी कलते आणि स्टिअरिंगला लवकर प्रतिसाद देते, त्याचा तो फरक असतो. भाग निवडताना ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी, कारण कडकपणा मिळवण्यासाठी उंची गमवावीच लागते असे नाही.

स्प्रिंगचे गणित फार देखणे आहे. तिचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने घटतो आणि काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येने भागला जातो. बारा मिलिमीटरची तार तेरा मिलिमीटरची केली, बाकी काहीच बदलले नाही, तरी स्प्रिंग सुमारे ३८ टक्क्यांनी कडक होते. नुसत्या डोळ्यांना ही जाडी ओळखूही येणार नाही. म्हणून स्प्रिंगचा रंग आणि डब्यावरचे ‘४० मिलिमीटर डाऊन’ हे शब्द वाचून खरेदी करण्याऐवजी दुकानदाराला तिचा कडकपणा विचारावा. तो आकडा न्यूटन प्रति मिलिमीटर किंवा किलो प्रति मिलिमीटर असा सांगितला जातो.

त्या आकड्यावरून गाडीचा ठेका काढता येतो. हॅचबॅकच्या एका पुढच्या चाकावर सुमारे २९५ किलोचा भार आणि २२ न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग असेल, तर गाडीचे पुढचे अंग सेकंदाला साधारण १.४ वेळा वरखाली होते. स्प्रिंग ३० टक्के कडक केली की हा ठेका १.६ च्या आसपास जातो आणि दुप्पट कडक केली की जवळजवळ दोनवर. रोजच्या वापराच्या गाड्या साधारण एक ते दीडच्या दरम्यान बांधतात आणि स्पोर्टी गाड्या दोनच्या आतबाहेर. पुढच्या आणि मागच्या ठेक्यांचे नातेही महत्त्वाचे असते. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली या अभियंत्याने ते प्रयोगांनी उलगडले. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो आणि मागच्यांना क्षणभराने. मागचा ठेका थोडा जलद ठेवला तर मागचे अंग पुढच्याला गाठते आणि गाडी झोके न घेता सपाट राहते. पुढे एका कंपनीची स्प्रिंग आणि मागे भलत्याच कंपनीची, अशी जोडी लावली की हे नाते तुटते. मग सपाट दिसणाऱ्या रस्त्यावरही गाडी घोड्यासारखी डुलत राहते.

खरी अडचण मात्र खड्ड्यात आहे. स्प्रिंगने शोषलेली ऊर्जा दबण्याच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते. मूळ गाडीत चाकाला वर जायला ७५ मिलिमीटर जागा आहे आणि गाडी ३५ मिलिमीटर खाली बसवली, तर उरतात ४०. जागा जवळपास निम्मी झाली, पण ऊर्जा शोषण्याची ताकद २८ टक्क्यांवर आली. ३० टक्के कडक स्प्रिंग लावून ती फार तर ३७ टक्क्यांपर्यंत जाते. मूळ गाडीइतका खड्डा पचवायचा तर स्प्रिंग साडेतीनपट कडक हवी आणि तशा गाडीत कुणी दहा किलोमीटरही सुखाने बसणार नाही. उरलेला तडाखा मग बंप स्टॉपवर जातो. शॉकअपच्या दांड्यावरचा हा छोटा रबरी किंवा फोमचा ठोकळा खरे तर अखेरचा बचाव असतो. खाली बसवलेल्या गाडीत तो रोजच्या कामाला जुंपला जातो, चिरतो, झिजतो. त्यानंतर धातूवर धातू आदळतो आणि तो हादरा थेट शॉकअपच्या वरच्या माउंटला आणि गाडीच्या पत्र्याला बसतो.

गतिरोधकाचेही असेच मोजमाप करता येते. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली आखून दिलेला गोल गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच आहे. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी त्याच्या माथ्यावर दोन्ही चाके टेकून उभी राहिली, तर उंचवटा तिच्या पोटाशी चाकांच्या रेषेपेक्षा फक्त ४६ मिलिमीटर वर येतो. जमिनीपासून १३० मिलिमीटरवर आणलेली गाडीही तिथून आरामात जाईल. पण गावोगावी आणि सोसायट्यांच्या फाटकांशी जे उंचवटे उभे राहतात, ते या नियमाला धरून नसतात. हातभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच अशा काँक्रीटच्या बांधावर पुढची चाके पलीकडे आणि मागची अलीकडे असताना सगळी १५ सेंटिमीटर गाडीच्या पोटाखाली येतात. १६५ मिलिमीटरची मूळ गाडी तिथे जेमतेम निसटते. त्यात मागे तिघे बसले, डिकीत सामान भरले आणि मागच्या चाकांवर दोनशे किलोंची भर पडली, तर २० न्यूटन प्रति मिलिमीटरच्या स्प्रिंगांवर मागचे अंग जवळपास ५ सेंटिमीटर दबते. कंपन्यांच्या माहितीपत्रकातला उंचीचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो, हे विकत घेणाऱ्याने विसरू नये. इंजिनाचे ऑइल चेंबर एकदा फुटले की स्प्रिंगांवर वाचवलेले पैसे एका दुपारी जातात.

भारतातल्या कारखान्यांनी हा हिशेब कसा सोडवला, हे पाहणे उद्बोधक आहे. पुण्याजवळच्या रांजणगावात बनवलेली अबार्थ पुंटो फियाटने २०१५ साली बाजारात आणली. १४५ अश्वशक्तीचे इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, कडक स्प्रिंगा आणि साध्या पुंटोपेक्षा खाली आणलेली बैठक, पण जमिनीपासून उंची १५५ मिलिमीटर राखलेली. टाटा मोटर्सने कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्जबरोबर २०१८ मध्ये टियागो जेटीपी काढली. ११४ पीएस ताकदीची ही खट्याळ गाडी साध्या टियागोपेक्षा किती खाली होती? केवळ ४ मिलिमीटर. सगळे प्रयोग करण्याची मुभा, चाचण्यांची साधने आणि जाणकार हाताशी असताना अभियंत्यांनी स्प्रिंग आणि शॉकअप बदलले, चाके-टायर बदलले, उंची मात्र हाताबाहेर घटू दिली नाही. भारतीय रस्त्यासाठी स्पोर्टी गाडी बांधण्याचा याहून बोलका दाखला शोधावा लागेल.

रॅलीवाले तर उलट दिशेने जातात. नाशिकच्या मातीच्या वाटांवर होणाऱ्या रॅलीतल्या मोटारी मूळ गाडीहून उंच असतात आणि त्यांच्या चाकांना वरखाली व्हायला भरपूर जागा दिलेली असते. वळणासाठी कडक स्प्रिंगा लागतातच असेही नाही. ब्रिटनमध्ये लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९६२ ची लोटस एलान मऊ स्प्रिंगा आणि नेमके शॉकअप यांवर उभी केली. वळणावरच्या चपळाईसाठी ती गाडी आजही वाखाणली जाते.

तरीही गाडी खाली घ्यायचीच असेल, तर १५ ते २५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये, असे वरचे आकडे सांगतात. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापणे. सहांपैकी एक वेढा गेला की स्प्रिंग २० टक्के कडक होते खरी, पण कापलेले टोक स्प्रिंग टेकते त्या वाटीत नीट बसत नाही आणि गाडी जॅकवर घेतली किंवा चाक खड्ड्यात लटकले की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकते. गॅस कटरने कापली तर उष्णतेने पोलादाचा कसच जातो. पाणी देऊन, पुन्हा तापवून आणि छर्ऱ्यांचा मारा करून स्प्रिंगच्या पोलादात जो दम आणलेला असतो, तो ज्योत लागलेल्या जागी उरत नाही. तिथूनच ती पुढे तुटते. हा मार्ग धोक्याचा आहे आणि कुणीही तो धरू नये.

दुसरा मार्ग मूळ शॉकअप ठेवून फक्त आखूड, कडक स्प्रिंगा बसवण्याचा. शॉकअपचे काम स्प्रिंगची उसळी शमवण्याचे. ३० टक्के कडक स्प्रिंगला आवरायला शॉकअपचा आवर किमान १४ टक्क्यांनी वाढायला हवा. जुने, तेल गळणारे शॉकअप ते काय करणार? गाडी खड्ड्यात आदळते आणि वर येताना उसळते. म्हणून खर्चाची मर्यादा असेल तर पैसे आधी शॉकअपवर घालावेत. १९६१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या, शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडियाचे कारखाने आज चाकण आणि नाशिकला आहेत. मूळ उंचीच्या स्प्रिंगांवर असे नवे, चांगले शॉकअप घातले तरी थकलेली गाडी पुन्हा तरुण होते. त्यापुढे जायचे असेल तर एकाच उत्पादकाने जुळवून दिलेली स्प्रिंग-शॉकअपची पूर्ण जोडी घ्यावी. त्यात आखूड बंप स्टॉपही असतात आणि ते बसवलेच पाहिजेत.

कॉइलओव्हर हा हौशी मंडळींचा लाडका पर्याय. त्यात शॉकअपच्या नळकांड्यावर आटे असतात आणि वाटी फिरवून उंची कमीजास्त करता येते. निवडताना एक भेद पाहावा. काहींत फक्त स्प्रिंगची वाटी खाली जाते, म्हणजे गाडी उतरेल तितकी चाकाची वरची जागा घटते. काहींत नळकांड्याची लांबीच बदलते, त्यामुळे उंची उतरली तरी शॉकअपची आतली हालचाल शाबूत राहते. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुसरा प्रकार बरा, फक्त टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासत नाही ना, हे पाहावे लागते. पोलो, स्विफ्टसारख्या गाड्यांत मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात. तिथे मिळतो तो उंची बदलणारा ठोकळा आणि आखूड शॉकअप.

पुढच्या चाकांची भूमितीही बिघडते. अर्ल मॅकफर्सनने रूढ केलेल्या स्ट्रटमध्ये खालचा आर्म मुळात साधारण आडवा असतो. गाडी खाली आली की त्याचे चाकाकडचे टोक वर उचलले जाते आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्याने, कधी दुपटीनेही, खाली उतरतो. परिणामी गाडीला कलवणारी तरफ लांबते. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोन बदलल्याने खड्ड्यावर चाक आपणहून वळू लागते. लांब दांड्याचे बॉल जॉइंट आणि त्याला जुळणारे टाय रॉड एंड यावर उपाय म्हणून मिळतात. २० मिलिमीटरपर्यंत त्यांची सहसा गरज पडत नाही, ४० वर ती टाळता येत नाही.

कायदाही जाणून घ्यावा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.

भाग घरी आले की बसवणाऱ्याचे कसब लागते. लोअर आर्मचे रबरी बुश गाडी जॅकवर लटकत असताना आवळले, तर चाके जमिनीला टेकताच ते पीळ खाऊन बसतात आणि काही महिन्यांत फाटतात. त्यांचे बोल्ट चाकांवर पूर्ण भार आल्यावरच शेवटचे आवळावेत. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवावी. अलाइनमेंट त्याच दिवशी करावे आणि स्प्रिंगा आणखी थोड्या बसत असल्यामुळे काही शे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा, तेही नेहमी जितकी माणसे बसतात तितका भार गाडीत ठेवून.