काश्मीरात बर्फ पडला की आपल्या वालावर ढग का येतात?



फेब्रुवारी संपत आला की गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर येतं. "तिकडे काश्मीरात बर्फ पडतोय, टीव्हीवर दाखवलं. आता आपल्याकडे आभाळ येणार बघ." कुणी हसतं, कुणी मान डोलावतं. बऱ्याच जणींना वाटतं हा योगायोग आहे. पण हे बोलणाऱ्या बाईचं निरीक्षण बऱ्याचदा बरोबर असतं. काश्मीर आपल्यापासून दीड हजार किलोमीटरहून लांब, तरी तिकडचा बर्फ आणि इकडचं मळभ यांचं नातं आहे. मी हवामानशास्त्र शिकलेले नाही, समाजकार्य शिकले. पण खळ्यावरचा वाल, वाळत घातलेल्या पापड्या आणि भट्टीवरच्या कच्च्या विटा या तिन्हींचं नुकसान एकाच पावसाने होतं, म्हणून हा विषय आपल्या अंकात हवाच होता.

उत्तरेत हिवाळ्यात आणि वसंतात जो पाऊस-बर्फ पडतो, तो आपल्या मान्सूनचा नसतो. आपला पाऊस जूनमध्ये समुद्रावरून, नैऋत्येकडून येतो. त्यांचा येतो पश्चिमेकडून. युरोप आणि आफ्रिका यांच्यामध्ये भूमध्य समुद्र आहे. त्या बाजूला हवेचा दाब कमी होऊन वादळी ढगांची प्रणाली तयार होते. आभाळात खूप उंचावर, आठ-दहा किलोमीटरच्याही वर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो. नदीच्या धारेत ओंडका वाहत यावा तशी ही प्रणाली त्या वाऱ्याबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात येते. वाटेत कॅस्पियन समुद्राचं, अरबी समुद्राचं बाष्पही तिला मिळतं. हिलाच बातम्यांत 'पश्चिमी विक्षोभ' किंवा 'पश्चिमी झंझावात' म्हणतात. हिवाळ्यात महिन्याला अशा चार ते सहा प्रणाली येतात. मार्च-एप्रिलमध्ये कमी होतात, पण थांबत नाहीत.

मग बर्फच का? ओली हवा हिमालयाला धडकली की तिला वर चढावं लागतं. वर चढणारी हवा गार होत जाते. दर किलोमीटरला साधारण सहा अंश उतरतात असं धरा. म्हणून श्रीनगरात पाऊस असतो तेव्हा वरच्या डोंगरात बर्फ असतो. आपल्या अकलोलीच्या कुंडावर हे छोट्या प्रमाणात दिसतंच की. कुंडाचं पाणी बारा महिने गरम, पण वाफ डोळ्यांना दिसते ती थंडीच्या पहाटे. गरम ओलसर हवा गार हवेत शिरली की तिच्यातलं पाणी बाहेर पडतं. डोंगरावर तेच होतं, फक्त तिथं गारठा एवढा की थेंबाचा बर्फ होतो.

हा बर्फ त्यांच्यासाठी शापच आहे असं समजू नका. हिवाळ्यात साठलेला बर्फ उन्हाळ्यात वितळतो आणि झेलम, चिनाब, यमुना, गंगा या नद्यांना पाणी मिळतं. जानेवारीतली हलकी सर पंजाबच्या गव्हाला सोन्यासारखी. पण हीच सर मार्च-एप्रिलमध्ये, गहू पिकून उभा असताना आली की पीक लोळतं, दाणा काळा पडतो. २०२३ च्या मार्चमध्ये असंच झालं होतं. दाण्याची चमक गेली आणि सरकारला गहू खरेदीचे निकष सैल करावे लागले. काश्मीरात एप्रिलमध्ये सफरचंदाला फूल असतं, त्यावर गारा पडल्या की तिथल्या बायकाही डोक्याला हात लावून बसतात. आपण आंब्याच्या मोहोराखाली बसतो तशाच.

वसंतातलं वादळ जिवावरही उठतं. २०१५ च्या मार्चअखेर काश्मीरात इतका पाऊस झाला की झेलमने धोक्याची पातळी ओलांडली. २८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडात बद्रीनाथजवळ माणा गावापाशी रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या छावणीवर हिमकडा कोसळला. त्यात आठ मजूर गेले. वैशाखात चारधामला जायचं ठरवणाऱ्या तायांनी हे लक्षात ठेवा. यात्रा सुरू होते तेव्हाही वर बर्फ पडू शकतो. गरम कपडे 'लागले तर' म्हणून नाही, लागणारच म्हणून घ्या, आणि परतीच्या तिकिटात एक-दोन दिवस मोकळे ठेवा. २०१३ च्या जूनमधल्या केदारनाथच्या प्रलयातही लवकर पोचलेला मान्सून आणि पश्चिमी विक्षोभ एकाच वेळी एकमेकांना भिडले होते.

आता आपल्याकडे. विक्षोभ काश्मीरातून जातो तेव्हा वरच्या वाऱ्याला दक्षिणेकडे पोक येतो. दोरीवर ओलं लुगडं टाकलं की दोरी मध्ये खाली येते ना, तसा. हा पोक कधी गुजरात-राजस्थानपर्यंत येतो, कधी महाराष्ट्राच्याही खाली. त्याबरोबर वरती गार, कोरडी हवा येते. खाली आपली जमीन मार्चच्या उन्हाने तापलेली. त्यात अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून दमट वारा आला की तिन्ही गोष्टी जुळतात : खाली ऊन, मध्ये बाष्प, वर गारवा. गरम हवा सरळ वर उसळते आणि दुपारनंतर काळे ढग उभे राहतात. मग गडगडाट, सोसाट्याचा वारा, कधी गारा. तिन्हींतली एक जरी नसली तरी नुसतं मळभ येऊन जातं. म्हणून काश्मीरात दरवेळी बर्फ पडला की आपल्याकडे पाऊस पडेलच असं नाही. बर्फाची बातमी आली की वाल खळ्यावर उघडा ठेवायचा नाही, एवढं त्यातून घ्यायचं.

२०१४ च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्रात जी भयंकर गारपीट झाली, ती अशाच जुळणीतून. आपल्या ठाणे जिल्ह्यात गारा क्वचित, पण ढग आणि शिंतोडेही पुरेसे असतात. आंब्याला मोहोर येतो तो थंडीने, आणि विक्षोभ निघून गेल्यावर उत्तरेचा गार वारा आला तर मोहोराला चांगलंच. पण त्यावर दोन-तीन दिवस ढगाळ, दमट हवा राहिली की तुडतुडे आणि भुरी आलीच. मोहोर काळा पडून गळतो. एकच प्रणाली, येताना नुकसान करते आणि जाताना फायदा. (मे महिन्यातला वळीव आणि चक्रीवादळ ही वेगळी भावंडं आहेत. २०२१ च्या मेमधलं तौक्ते समुद्रातून आलं होतं, त्याचा दोष काश्मीरला देऊ नका.)

आपल्या भागात चैत्र अमावास्येला देवीची यात्रा असते, ती नेमकी याच धोक्याच्या दिवसांत. स्टॉल लावणाऱ्या गटांनी ताडपत्री आणि दोरी भाड्याच्या यादीत आधी लिहावी, सजावट नंतर. पापड्या-कुरडयांच्या ऑर्डर घेताना शेवटची तारीख आठवडाभर पुढची सांगा. सलग तीन दिवस ऊन मिळेल यावर धंदा चालवणं मार्चमध्ये जमत होतं, आता नाही जमत. गवताची आणि पेंढ्याची गंजी उघडी असेल तर वरून निमुळती करून झाका. आतून भिजलेला पेंढा बुरशी धरतो आणि गुरं तो खात नाहीत.

विजेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथं चुकीला माफी नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज धोक्याच्या अंतरात आहे, शेत सोडा. आंब्याच्या किंवा ताडाच्या झाडाखाली थांबू नका, कितीही भिजलात तरी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' नावाचं मोफत अ‍ॅप आहे, ते आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता सांगतं. घरात एका तरी फोनवर असू द्या. आणि बातम्यांत जिल्ह्याला रंग देतात तो वाचायला शिका : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. 'ठाणे' असं लिहिलेलं बघा. मुंबईला पिवळा आहे म्हणून आपल्याला तोच, असं नसतं.

नुकसान झालंच तर? शेतपिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर मदत मिळू शकते. आधी ही अट ५० टक्क्यांची होती. २०१५ च्या वसंतात अवकाळीने उत्तर आणि मध्य भारतात पिकं झोपली, त्यानंतर एप्रिलमध्ये केंद्राने ती ३३ वर आणली. म्हणजे ज्या वादळांबद्दल आपण बोलतोय, त्यांनीच हा नियम बदलायला लावला. तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि कृषी सहायकाला लगेच कळवा, खळं आवरायच्या आधी फोटो काढा, आणि पंचनाम्याच्या वेळी घरातल्या बाईने स्वतः हजर राहावं. पीकविमा असेल तर भरपाईचा सध्याचा नियम काय आहे ते विचारून घ्या. वालाची नोंद ई-पीक पाहणीत नसेल तर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही, मग भिजलेलं काय दाखवणार? ही नोंद रब्बीत करून टाका. घर पडलं, गुरं दगावली, कुणाला इजा झाली तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिकेचा १०८.

पण पंचनाम्यात सगळ्यांना जागा नाही, आणि मला खरं बोलायचं होतं ते याबद्दल. भिजलेल्या पापड्या त्यात बसत नाहीत. वीटभट्टीवरची बाई तर अजिबातच बसत नाही. आपल्या भिवंडी-वाड्याच्या पट्ट्यात दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भट्टीवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मजुरी हजार विटांवर. माती मळायची, साच्यात थापायची, उन्हात मांडायची, आणि वाळल्यावर भट्टीत रचायची. मांडलेल्या विटांवर अर्धा तास अवकाळी पडला की कडा वितळतात, वीट पुन्हा चिखल होते. अनेक ठिकाणी अशी वीट मोजणीत धरत नाहीत. मेहनत दोनदा, मजुरी एकदा. वर उचल घेतलेली असते, ती फिटत नाही आणि पुढच्या वर्षाला जाते. म्हणजे भूमध्य समुद्रावरून निघालेल्या वादळाचं कर्ज शेवटी इथल्या एका बाईच्या नावावर चढतं.

यावर आपण काय करू शकतो? दोन गोष्टी तरी आपल्या हातात आहेत. एक, रोज थापलेल्या विटांची वही. तारीख, किती थापल्या, पाऊस आला का, किती गेल्या. लिहिता येत नसेल तर काड्या मारा, मुलाकडून लिहून घ्या, आणि आठवड्याला मालकाची किंवा मुकादमाची सही घ्या. पुढच्या दिवाळीत उचल ठरवताना भिजलेल्या विटांची निम्मी तरी मजुरी धरा असं बोलायला ही वही लागेल. तोंडी बोलणं तिथं टिकत नाही. दुसरी गोष्ट आपल्याच घरातली. भट्टीवर जाणाऱ्या बाईची सहा महिने बैठकीला गैरहजेरी लागते म्हणून अनेक गट तिला सभासदच करत नाहीत, किंवा दंड लावून काढतात. मला हा नियम पटत नाही. पावसाच्या आठवड्यात तिला हजार-दोन हजारांचं अंतर्गत कर्ज गटातून मिळालं तर ती मालकाकडे वाढीव उचल मागायला जाणार नाही. बचत फोनवरून किंवा शेजारणीच्या हाती पाठवायची मुभा द्या, बैठकीची अट तिच्यापुरती पावसाळ्यावर न्या.

येत्या मासिक बैठकीत सीआरपी तायांनी आपापल्या गावातल्या भट्टीवर गेलेल्या बायांची नावं आणि भट्टी कुठं आहे ते लिहून आणावं. विटांच्या वहीचा नमुना मी तयार केलाय, एका पानाचा आहे. झेरॉक्स ग्रामसंघाच्या खर्चातून काढायच्या की गटांनी, हे तिथं ठरवू.