अचलपूरची गिरणी आणि परतवाड्याची वखार

वऱ्हाडातील उद्योगधंद्यांचा इतिहास लिहू जाणारे लेखक सामान्यतः अकोला, खामगाव, अमरावती आणि बडनेरा या शहरांभोवतीच रेंगाळतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, सापन व बिच्छन या दोन नद्यांच्या आश्रयाने वसलेल्या अचलपूर-परतवाडा या जोडनगराची बोळवण ‘जुनी राजधानी’ एवढ्या दोन शब्दांत करतात. राजधानी तर ते होतेच. १४९० पासून १५७४ पर्यंत इमादशाहीचे तख्त येथे होते, पुढे निजामाच्या अंमलात वऱ्हाडच्या सुभेदाराचे ठाणे येथे राहिले, आणि एलिचपूर हे त्याचे नाव दख्खनच्या दफ्तरांतून कित्येक शतके मानाने लिहिले गेले. परंतु या गावाचा अर्वाचीन इतिहास तख्ताचा नसून कापूस, सूत आणि सागवान यांचा आहे, व त्याचे विशेष असे की, या तिन्ही जिनसांची संपत्ती गावाच्या वेशीशी असूनही त्यांच्यासंबंधीचा एकही मोठा निर्णय गावात झाला नाही.

परतवाड्याचा उत्कर्ष मुळात फौजेमुळे झाला. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाच्या तरतुदीसाठी, आणि त्याच कंटिंजंटची छावणी अचलपूरपासून दोन मैलांवर परतवाड्यास होती. छावणीच्या मागोमाग बाजार आला, दिवाणी कचेऱ्या आल्या, आणि जुने गाव आपल्या दरवाजांच्या आत राहून नव्या वस्तीकडे किंचित संशयाने पाहू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी कंटिंजंटचे स्वतंत्र अस्तित्व संपले. पाठोपाठ १९०५ साली सुमारे २,६०० चौरस मैलांचा आणि तीन लाखांजवळ वस्तीचा एलिचपूर जिल्हा मोडून अमरावती जिल्ह्यात विलीन करण्यात आला. राजधानीचा जिल्हा झाला, जिल्ह्याचा तालुका झाला. अशा वेळी एखादे गाव मुकाट्याने खंगत जाते. हे गाव खंगले नाही, याचे श्रेय कापसाला आणि मेळघाटच्या जंगलाला द्यावे लागते.

कापसाची हकिकत वऱ्हाडी वाचकाला सांगावी असे नाही. तरी लोहमार्गापूर्वी हा माल वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत जात असे, हे आज पुष्कळांच्या स्मरणात नसते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर साऱ्या साम्राज्याची नजर खिळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला तो पयानघाटाच्या, म्हणजे वऱ्हाडच्या मधल्या खोऱ्याच्या, सपाटीवरून, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा. १८७० मध्ये खामगावच्या शाखेचे आणि कापूसबाजाराचे उद्‌घाटन करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, आणि १८८६ साली कारंज्याला देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार उभा राहिला. या सगळ्या धामधुमीत अचलपूर मात्र पाऊणशे किलोमीटर उत्तरेला, बैलगाडीच्या वाटेवरच राहिले.

ती उणीव भरून काढली किलिक-निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने. १९१३ च्या सुमारास मूर्तिजापूर-अचलपूर हा अडीच फुटी रुळांचा मार्ग सुरू झाला, आणि मूर्तिजापूर-यवतमाळ या भावंडासह लोकांनी त्याचे नाव पुढे ‘शकुंतला’ असे ठेवले. या गाडीविषयी लिहिताना आजकाल हळवेपणाचा पूर येतो. तिच्या व्यवहाराकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. रूळ अरुंद असल्यामुळे अचलपुराहून निघालेली कापसाची प्रत्येक गाठ मूर्तिजापुरास उतरवून, हमालांच्या पाठीवरून रुंद रुळांच्या डब्यात पुन्हा चढवावी लागे. गाठीत सुमारे ३९२ पौंड रुई, आणि अशा दोन गाठी मिळून मुंबईच्या बाजारातली एक खंडी. या हिशेबाने एकेका हंगामात किती पाठी वाकल्या असतील याची कल्पना वाचकाने करावी. रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही हा मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला आणि सरकार तो चालवून तिला मोबदला देत राहिले. १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडवलेले वाफेचे इंजिन या रुळांवर १९९४ पर्यंत धावले. ज्या गिरण्यांसाठी हा सारा खटाटोप मांडला गेला त्या मँचेस्टरच्या गिरण्या त्याच्या कितीतरी आधी थंडावल्या होत्या.

आता जिनांविषयी. बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या म्हणजे व्यापारी गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढी, चिमटीत धरून दोन्ही हातांनी हळूहळू ओढी, तुटलेल्या तंतूंचा झुपका अंगठ्यावर ठेवून त्याची लांबी आणि चमक पाही, आणि मग दलालाकडे न पाहताच भाव बोले. तेथून गाडी जिनात. सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे. रुई दाबखान्यात, सरकी तेलघाण्याकडे आणि गुरांच्या गव्हाणीकडे. हे सर्व दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यात थांबे. म्हणजे जिनाचा मजूर वर्षातले निम्मे महिने मजूर आणि उरलेले निम्मे महिने बेकार. अचलपूरची विदर्भ मिल ही या दृष्टीने निराळी वस्तू होती, कारण सूतगिरणीला हंगाम नसतो. पाळ्यांचा भोंगा बारमाही वाजू लागला, तेव्हा ज्या गावात पैसा फक्त कापूस विकल्यावर दिसे, त्या गावात तो दरमहा दिसू लागला. किराणा दुकानदाराने उधारीची वही दिवाळीऐवजी पगाराच्या तारखेवर मांडली, आणि शेतमजुराचा मुलगा साच्यावर उभा राहून हजेरीपटावरचा कामगार झाला. माझ्या मते या गावाच्या आयुष्यातली खरी क्रांती ती हीच, रेल्वे नव्हे.

परतवाड्याला लाकडाचा आधार होता. मेळघाटचे साग-जंगल इंग्रजांनी १८६० नंतरच्या दशकातच राखीव केले होते, व तेथून उतरणारे सागवान परतवाड्याच्या वखारींत रचले जाऊन लिलावाने वऱ्हाडभर जाई. डोंगरात कुऱ्हाड चालविणारा कोरकू आणि वखारीत बोली लावणारा व्यापारी यांच्या मिळकतीत जे अंतर होते ते येथे मोजून दाखवण्याची गरज नाही. परंतु आरायंत्रे, सुतारकाम आणि गाड्यांची वाहतूक यांवर परतवाड्याचा मोठा भाग जगला, हे नाकारता येत नाही.

या नगराच्या मागोव्यात १९७२ ते १९७४ ही तीन वर्षे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. १९७२ मध्ये राज्य सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना अमलात आणली. कापूस पणन महासंघाने घ्यावा आणि जिनवाल्यांनी त्यातली सरकी मजुरीवर काढून द्यावी, अशी व्यवस्था झाली. १९७४ मध्ये आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा होऊन १०३ गिरण्या केंद्राच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. त्यांत अकोल्याच्या सावतराम आणि मोहोता गिरण्यांबरोबर अचलपूरची विदर्भ मिलही होती. त्याच वर्षी मेळघाट व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि सागाच्या तोडीवर क्रमाक्रमाने बंधने आली. यांपैकी एकेका निर्णयाचे समर्थन करता येते, आणि मी ते करीनही: शेतकऱ्याला हमीचा भाव हवा होता, गिरणीचा कामगार रस्त्यावर येऊ नये हे योग्य होते, वाघ तर वाचायलाच हवा होता. परंतु कापूस, सूत आणि लाकूड या तिन्ही खांबांची मुखत्यारी तीन वर्षांच्या आत मुंबईकडे आणि दिल्लीकडे गेली, आणि त्यांचा एकत्र विचार करणारी कचेरी मात्र कोठेच निघाली नाही. जुनी यंत्रे, वाढता तोटा, आणि त्यावर महामंडळाचा पत्रव्यवहार, अशा क्रमाने नव्या शतकाच्या आरंभी विदर्भ मिल बंद झाली.

पुढे प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना मुंबईची फिनले मिल नव्या यंत्रसामग्रीसह अचलपुरात आणण्यात आली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांपेक्षा त्यांच्याखालची जमीन मोलाची ठरलेल्या मुंबईतून एक गिरणी कापसाच्या मुलखात यावी, यात काव्यात्म न्याय होता, आणि लोकांनी तिचे स्वागतही तसेच केले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तिची चाके थांबली. त्यानंतर ती पूर्वीसारखी चालली नाही. शकुंतलेचे रूळही त्याच सुमारास सुने पडले. एकाच कारखान्यावर विसंबलेल्या गावांची काय गत होते ते जगभर दिसते: आर्मेनियातील आलावेर्दी हे तांब्याचे गाव शतकाहून अधिक काळ भट्टीच्या धुरावर जगले आणि २०१८ मध्ये ती भट्टी बंद पडताच घायकुतीला आले. अचलपूर-परतवाड्याचे तसे झाले नाही, कारण येथे बाजार, शाळा, दवाखाने आणि शेती यांचा पसारा होता. २०११ च्या जनगणनेत वस्ती लाखावर गेलेली आहे. गाव जगले, पण त्यातला कामगार पुन्हा हंगामी झाला.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीच्या हजार एकरांवरील पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. तेथे कारखाने येतील, यावेत. मात्र तेथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर यंत्रांसह उभ्या असलेल्या गिरणीचे काय करणार, ती चालवणार, कामगारांच्या व जिनवाल्यांच्या भागीदारीत देणार की मोडीत काढणार, याचा लेखी निकाल सरकारने नव्या कारखान्यांना भूखंड वाटण्याआधी अचलपूरकरांच्या हाती द्यावा.