अननसाचा केक आणि घरातला थंडावा : एक मागोवा

वर फेटलेल्या क्रीमचा जाड थर, आत पाकाने भिजलेला मऊ केक आणि दोन चकत्यांच्या मध्ये अननसाच्या फोडी, असा जो केक आज महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत वाढदिवसाचा केक म्हणून गृहीतच धरला जातो, तो मध्यमवर्गीय मराठी घरात सर्रास होऊ लागल्याला फार तर तीन-चार दशके झाली आहेत. साधा केक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून घरी केला जात होता. या विलंबाचे कारण सामान्यतः ओव्हनच्या अभावात शोधले जाते. ते पुरेसे नाही, कारण ओव्हन नसतानाही केक भाजण्याच्या युक्त्या घरोघरी रूढ होत्या. खरी उणीव थंडाव्याची होती, म्हणजे दूध, क्रीम आणि तयार केक या तिन्हींना सलग काही तास खोलीच्या तापमानाहून बरेच खाली ठेवू शकेल अशा व्यवस्थेची. आणि ती व्यवस्था जसजशी घरात आली तसतसा केक ओला होत गेला, असे या कालखंडाकडे पाहता म्हणावे लागते.

थंडाव्याशिवाय केक ओला ठेवण्याची एक रीत अर्थातच आधीपासून उपलब्ध होती. वसई-वांद्र्याच्या ईस्ट इंडियन घरांत आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत नाताळासाठी होणारा फळांचा केक मनुका, बेदाणे, संत्र्याच्या पाकवलेल्या साली आणि काजू रममध्ये अनेक दिवस मुरवून केला जातो, व तो आठवडेच्या आठवडे टिकतो. साखर आणि मद्यार्क पाण्याला धरून ठेवतात, त्यामुळे केकमध्ये पाणी असूनही ते बुरशीला किंवा जंतूंना वापरता येत नाही. अन्नशास्त्रात या उपलब्ध पाण्याच्या प्रमाणाला जलक्रियता म्हणतात, आणि ती जितकी कमी तितका पदार्थ टिकाऊ. या केकवर आवरण चढवायचे झालेच तर तेही मार्झिपानचे, म्हणजे वाटलेला सुकामेवा आणि साखर यांच्या घट्ट गोळ्याचे, असे. मूळ बदामाऐवजी काजू वापरण्याची या किनाऱ्यावरची रीतही स्थानिक पिकाला धरूनच आहे. मुंबई-पुण्याच्या इराणी बेकऱ्यांतला मावा केकसुद्धा याच टिकाऊ कुळातला असून, त्याची मऊसूत चव पाण्यापेक्षा माव्यातील स्निग्धांशामुळे येते. तात्पर्य, केक आणि क्रीम यांची गाठ पडण्याचे इथे काही कारणच नव्हते.

या परंपरेबाहेरच्या मराठी घरात केक शिरला तो बहुधा बेकरीच्या दारातून. घरून मैदा, तूप आणि साखर नेऊन बेकरीच्या भट्टीत नानकटाई भाजून आणण्याची रीत अनेक शहरांत होती, आणि भट्टीत भाजलेल्या गोड पदार्थाची सवय त्यातून लागलेली होती. १९५९ मध्ये हॉकिन्स आणि प्रेस्टिज या दोन्ही नावांच्या प्रेशर कुकरची वाटचाल भारतात सुरू झाली, आणि वरण-भातासाठी आणलेल्या या भांड्याला घराघरांत दुसरे काम मिळाले. कुकरच्या तळाशी वाळूचा किंवा जाड्या मिठाचा थर पसरायचा, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढून ठेवायची, आणि पाणी न घालता आत डबा ठेवून मंद आचेवर पाऊण तास भाजायचे. वाळू उष्णता हळूहळू घेते व हळूहळू देते, त्यामुळे तळ जळत नाही. वरून मात्र उष्णता कमी मिळत असल्यामुळे असा केक माथ्यावर फिकट राहतो. पुढे आलेल्या ॲल्युमिनियमच्या गोल विजेच्या ओव्हनने, ज्याच्या झाकणाला काचेची छोटी खिडकी असे, ही फिकटपणाची अडचण दूर केली. थोडक्यात, उष्णतेचा प्रश्न मराठी स्वयंपाकघराने स्वतःपुरता लवकर सोडवला होता.

आवरणाचा प्रश्न तसा सुटला नाही. लोण्यात दळलेली साखर फेसून केलेले बटर आयसिंग बाहेर ठेवले तरी काही तास टिकते, म्हणून १९७० आणि १९८० च्या दशकांत घरच्या केकवर तेच आले. पण बाजारात सहज मिळणारे अमूलचे लोणी खारट आणि पिवळे, त्यामुळे पांढरेशुभ्र आणि निखळ गोड आयसिंग त्यातून होत नसे. त्यावर तोडगा म्हणून घरी काढलेले पांढरे लोणी किंवा वनस्पती तूप वापरले जाई. वनस्पती तुपाचे आयसिंग दिसायला देखणे होते, जिभेवर मात्र मेणासारखे चिकटून बसत असे, आणि गुलाबी फुलांचा तो थर काढून खालचाच केक खाणारी मुले त्या काळी बरीच होती. फ्रिज हे वाढदिवसाच्या केकचे नव्हे तर पाण्याच्या बाटल्यांचे आणि दुधाचे यंत्र मानले जाई. गोदरेजने १९५८ मध्ये भारतीय बनावटीचा फ्रिज बाजारात आणला असला, तरी सामान्य पगारदार घरात तो पोचायला पुढची बरीच वर्षे जावी लागली.

मग घरच्या दुधाची साय का चालली नाही, हा प्रश्न साहजिक आहे, कारण म्हशीच्या दुधात गायीच्या दुधाच्या जवळपास दीडपट स्निग्धांश असतो आणि महाराष्ट्रातील घरांत सायीचा तोटा क्वचितच होता. याचे उत्तर फेटण्याच्या क्रियेत आहे. क्रीम फेटताना त्यात हवेचे बुडबुडे शिरतात आणि स्निग्धांशाचे सूक्ष्म गोलक अर्धवट एकमेकांना चिकटून त्या बुडबुड्यांभोवती जाळे विणतात. हे जाळे उभे राहण्यासाठी क्रीममध्ये सुमारे ३० टक्के तरी स्निग्धांश हवा, आणि त्या गोलकांतील काही भाग घट्ट स्फटिकरूपात राहावा म्हणून क्रीमचे तापमान साधारण ४ ते ७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवे. तापवलेल्या दुधावरून काढलेल्या सायीत मात्र गोठलेल्या प्रथिनांच्या चिवट पापुद्र्यात स्निग्धांश अडकलेला असतो आणि त्याचे गोलक आधीच फुटून एकत्र आलेले असतात, त्यामुळे ती फेटू लागताच फुगण्याऐवजी रवाळ होते व लोण्याकडे झुकते. आठवडाभर साय साठवून, विरजण लावून, घुसळून लोणी आणि मग कढवून तूप करण्याचे जे कौशल्य मराठी गृहिणीच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या होते, त्याची सगळी दिशा क्रीम फुटावे याकडे होती; केकला मात्र फुटण्याच्या नेमके आधी हात थांबवणारे कौशल्य लागते, आणि ते मे महिन्यातल्या पुण्यात किंवा नागपुरात बर्फाच्या परातीत भांडे ठेवूनही सहजी साधणारे नव्हते.

१९७० मध्ये सुरू झालेल्या दुग्धविकास मोहिमेने, जी दुधाचा महापूर या नावाने ओळखली जाते, दूध थंड करून दूरवर नेण्याची साखळी उभी केली, आणि १९९८ पर्यंत भारत जगातील सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश झाला. क्रीमच्या पुड्या किराणा दुकानात दिसू लागल्या त्या याच प्रवाहात. तरीही अडचण पुरती गेली नाही, कारण पुडीतल्या या क्रीममध्ये सहसा २५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असे, जो फ्रूट सॅलडला आणि पंजाबी भाज्यांना पुरेसा, पण फेटण्यासाठी अपुरा. ही पोकळी भरून काढली ती दुधाशी फारसा संबंध नसलेल्या एका पदार्थाने. अमेरिकेतील बफेलो शहरात रॉबर्ट रिच यांनी १९४५ मध्ये, युद्धकाळातील क्रीमच्या टंचाईच्या पार्श्वभूमीवर, सोयाबीनपासून फेटता येणारे आवरण तयार केले होते. त्याच जातीचे, वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ, साखर आणि पायसीकारक यांचे मिश्रण पुढे भारतीय बेकऱ्यांत आणि तिथून घरांत आले. पायसीकारक म्हणजे तेल आणि पाणी यांना एकत्र धरून ठेवणारे द्रव्य. हे व्हिप क्रीम गोठवून ठेवता येते, फेटल्यावर तिपटी-चौपटीने फुगते, दमट हवेतही दुधाच्या क्रीमपेक्षा अधिक वेळ आकार धरते आणि सहसा फुटत नाही. चवीच्या बाबतीत ते दुधाच्या क्रीमच्या जवळपासही पोचत नाही, हे मान्य करूनही असे म्हणता येईल की घरच्या केकला क्लबातल्या आणि हॉटेलातल्या केकचे रूप दिले ते याच नकली क्रीमने.

फळांमध्ये अननसच का रुजला, याची कारणेही चवीच्या पलीकडची आहेत. मूळ दक्षिण अमेरिकेतील हे फळ पोर्तुगिजांमार्फत सोळाव्या शतकात भारतात आले आणि कोकण-गोवा-केरळच्या दमट पट्ट्यात स्थिरावले. ताज्या अननसात ब्रोमेलेन हे प्रथिने तोडणारे विकर असते, आणि कच्च्या फोडी दुधाच्या क्रीमवर ठेवल्या तर थोड्याच वेळात क्रीम पाणी सोडते व कडवट लागू लागते. फोडी साखरेत शिजवल्या की हे विकर निष्प्रभ होते. डब्यातला अननस तर आधीच उकळत्या तापमानातून गेलेला असतो. हवाईमध्ये जेम्स डोल यांनी १९०१ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने आणि त्यांच्यासाठी हेन्री जिनाका यांनी १९११ च्या सुमारास रचलेल्या सोलणी-कापणीच्या यंत्राने मधोमध भोक असलेली गोल चकती जगभर पोचवली, आणि अननसाचा केक म्हटले की आजही डोळ्यांपुढे तीच चकती येते. भारतीय घरात त्या डब्यातल्या पाकाचे मोल चकत्यांहून काकणभर अधिकच ठरले, कारण केक भिजवायला आयते आंबट-गोड पाणी त्यातून मिळाले.

हे भिजवणे म्हणजे केवळ चवीची चैन नव्हे. अंडी आणि साखर फेटून, लोणी न घालता किंवा अगदी थोडे घालून केलेला स्पंज केक हलका असला तरी कोरडा असतो. फ्रिजने इथे एक नवीच अडचण उभी केली, ती अशी की भाजताना फुललेल्या मैद्यातील स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर पुन्हा ओळीने रचले जाऊन केक टणक होतो, आणि ही क्रिया नेमकी फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने घडते. लोण्याचा केक तर दुहेरी मार खातो, कारण थंडीत लोणीही गोठते. म्हणजे ज्या थंडाव्याशिवाय वरचे क्रीम टिकत नाही, तोच खालचा केक कोरडा पाडतो. पाकाने भिजवणे हा या पेचावरचा एक उपाय होता, आणि लोण्याऐवजी तेल वापरणे हा दुसरा. तेलाच्या केकचे जनकत्व लॉस एंजेलिसच्या हॅरी बेकर यांच्याकडे जाते. त्यांनी १९२७ मध्ये तयार केलेल्या आणि वीस वर्षे गुप्त ठेवलेल्या शिफॉन केकची कृती जनरल मिल्स कंपनीने १९४७ मध्ये विकत घेऊन पुढच्या वर्षी प्रसिद्ध केली. मराठी घरात तेल आले ते मात्र बेकर यांच्यामुळे नव्हे, तर बिनअंड्याच्या दह्याच्या केकमधून.

बिनअंड्याच्या केकची गरज वेगळ्या विवेचनाची अपेक्षा करीत नाही. ज्या घरात एरवी अंडे चालते तिथेही वाढदिवस चतुर्थीला किंवा श्रावणात आला की ते वर्ज्य होते, आणि औक्षणाच्या तबकाशेजारी ठेवायचा केक कुणालाही नाकारावा लागू नये ही यजमानाची इच्छा असते. प्रारंभी ही गरज गोड आटीव दुधाच्या डब्याने भागवली. नंतर दीड वाटी मैदा, वाटीभर दही, पाऊण ते एक वाटी साखर, अर्धी वाटी वास न येणारे तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा, हे प्रमाण इतके रूढ झाले की ते आता कुणाचेच राहिलेले नाही. दह्यातील आम्ल आणि सोडा यांच्या संयोगातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू अंड्याचे फुगवण्याचे काम करतो, तेल थंडीतही पातळच राहते, आणि १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे भाजलेला हा केक फ्रिजमध्ये ठेवूनही दुसऱ्या दिवशी मऊ असतो. वरच्या पेचाचे इतके स्वस्त उत्तर दुसऱ्या कुठल्या कृतीने दिलेले दिसत नाही.

१९९३ पासून झी वाहिनीवर संजीव कपूर यांचा खाना खजाना हा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यानंतरच्या दशकात ओटीजी, म्हणजे टेबलावर मावणारा विजेचा ओव्हन, लग्नाच्या आहेरात दिसू लागला. थंडाव्याची साखळी मात्र अजून कच्चीच होती. २००५ च्या आसपास महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात व लहान शहरांत भारनियमन रोज कित्येक तासांचे असे, आणि दुपारी सजवलेला केक संध्याकाळपर्यंत उभा राहील याची खात्री नसल्याने तिथे बटर आयसिंगचे राज्य मोठ्या शहरांपेक्षा अधिक काळ टिकले, ही बाब या विषयावरील लिखाणात सहसा नोंदवली जात नाही.

२०२० च्या टाळेबंदीत अनेक बेकऱ्या बंद असताना कुकर आणि वाळू यांची जोडी पुन्हा बाहेर निघाली, बिस्किटांच्या चुऱ्याचे केक झाले, आणि त्यातूनच घरून केक विकणाऱ्या स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्या अशा उद्योगाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडील साधी नोंदणी पुरेशी होती. त्याच सुमारास प्राधिकरणाने तेले व स्निग्ध पदार्थांतील, ज्यांत व्हिप क्रीममधले वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थही येतात, ट्रान्स फॅटची, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या आणि हृदयाला अपायकारक असलेल्या घटकाची, मर्यादा २०२१ मध्ये ३ आणि २०२२ मध्ये २ टक्क्यांवर आणली. दरम्यान फेटता येण्याजोगे दुधाचे क्रीमही किरकोळ दुकानांत मिळू लागले असल्याने, आता घरगुती केकवाल्या दोन भाव सांगतात, एक व्हिप क्रीमचा आणि एक दुधाच्या क्रीमचा, आणि दुसऱ्या प्रकारचा केक नेणाऱ्याला तो थेट फ्रिजमध्ये ठेवण्याची ताकीद देतात. उन्हाळ्यात अननसाची जागा हापूस घेतो. आंब्यात ब्रोमेलेन नसल्यामुळे त्याच्या फोडी शिजवाव्या लागत नाहीत आणि कच्च्याच क्रीमवर ठेवता येतात; मात्र साखर लागताच त्या पाणी सोडतात, म्हणून जाणत्या केकवाल्या फोडी वेगळ्या डबीत देतात आणि केक कापण्याच्या थोडा वेळ आधी लावायला सांगतात.