लाइन जाते तेव्हा: 'द ट्वायलाइट झोन' पुन्हा बघताना

मे महिन्यात गोंदियात रात्री लाइन गेली की आपण आधी बाहेर येऊन शेजाऱ्याकडे आहे का ते बघतो. नेमक्या याच सवयीवर १९६० साली एक जबरदस्त भाग आला होता: 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट'. आकाशातून काहीतरी झपकन जातं आणि गल्लीतली वीज, फोन, गाड्या सगळं ठप्प. मग एकाचीच गाडी आपोआप सुरू होते. झालं! 'हा परग्रहावरचा तर नाही?' कालपर्यंतचे शेजारी एकमेकांवर धावून जातात. शेवट सांगत नाही, पण टेकडीवरच्या दृश्यात नीट कान द्या.

हा भाग ज्या मालिकेतला, ती 'द ट्वायलाइट झोन' १९५९ ते १९६४ अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर चालली. भाग १५६, दर वेळी नवी गोष्ट, नवी पात्रं. त्यातले ९२ भाग मालिकेचा कर्ता रॉड सर्लिंगनं स्वतः लिहिले. त्याआधी वर्णद्वेषावरच्या त्याच्या नाटकांना प्रायोजकांनी कात्री लावली होती. म्हणून त्यानं परग्रहवासीयांच्या आडून तेच बोलायचं ठरवलं. मला त्याची ही हुशारी कथांच्या कलाटण्यांपेक्षा मोठी वाटते.

दुसऱ्यांदा बघताना 'द इनव्हेडर्स' चुकवू नका. अ‍ॅग्नेस मूरहेड जवळपास पूर्ण भाग एकटी, एक शब्दही न बोलता पेलते. चौथ्या पर्वाचे तासाभराचे भाग मात्र रेंगाळतात. ते मागाहून बघितले तरी चालतील.

तुमचा आवडता भाग कोणता?