रबरवृक्षाचे लाकूड आणि जुन्नरच्या पूर्वभागातील सुतारकाम

जुन्नर तालुक्यातील निमगाव सावा हे गाव सह्याद्रीच्या घाटमाथ्यापासून दूर, तालुक्याच्या कोरड्या पूर्वभागात वसलेले आहे. या मुलखातील सुतारकाम परंपरेने बांधावरच्या व ओढ्याकाठच्या वृक्षांवर अवलंबून होते. नांगर, कुळव, जू व गाडीची चाके यांस बाभूळ, घराच्या चौकटींस कडुनिंब, साध्या फळ्यांस व पेट्यांस आंबा, आणि ऐपत असल्यास दारांस सागवान, अशी ही वाटणी असे. लोखंडी अवजारे व ट्रॅक्टर आल्यावर शेतीच्या अवजारांचे काम बव्हंशी संपले आणि सुताराच्या हाती मुख्यत्वे घरगुती फर्निचरचे काम उरले. या कामासाठी शहरांच्या बाजारपेठांतून जी नवी लाकडे मिळू लागली, त्यांपैकी रबरवृक्षाचे लाकूड हे एक होय. ते दिसावयास स्वच्छ, घडवावयास सोपे आणि सागवानाहून स्वस्त असते. तथापि त्याचा स्वभाव जाणून न घेता केलेले काम दोन-तीन पावसाळ्यांतच वाया जाण्याचा संभव असतो.

रबरवृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्याचा. १८७६ साली हेन्री विकहॅम याने त्याचे बी इंग्लंडमधील क्यू येथील वनस्पतिउद्यानात नेले, आणि तेथून रोपे आशियात आली. भारतात व्यापारी लागवडीचा प्रारंभ १९०२ मध्ये केरळात, पेरियार नदीकाठी थट्टेकाड येथे झाला. या वृक्षास उष्ण, दमट हवा व भरपूर पाऊस लागतो. त्यामुळे महाराष्ट्रात त्याच्या बागा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग, सावंतवाडी या भागांत आढळतात. उत्तर कोकणच्या कोरड्या उन्हाळ्यात हा वृक्ष कसा तग धरतो, याचा अभ्यास भारतीय रबर संशोधन संस्थेच्या डापचरी येथील केंद्रात झाला आहे. निमगाव सावाच्या शिवारात तो वाढण्याजोगा नाही. तेथे येते ते केवळ त्याचे लाकूड.

हे लाकूड मुळात दुय्यम उत्पन्न होय. लागवडीनंतर सुमारे सात वर्षांनी झाडाचा चीक काढण्यास आरंभ होतो आणि पंचवीस ते तीस वर्षांनी चिकाचे मान घटले की बाग तोडून नवी लावावी लागते. तोडलेले खोड पूर्वी बहुतांशी जळणात जाई, किंवा त्याची खोकी बनत. मलेशिया, थायलंड इत्यादी देशांत त्यावर रासायनिक प्रक्रिया व भट्टीत वाळवण करण्याची पद्धती रूढ झाल्यावरच फर्निचरचे लाकूड म्हणून त्यास प्रतिष्ठा लाभली. जे झाड कसेही तोडावयाचेच असते, त्याचे लाकूड उपयोगी पडले तर जंगलातील वृक्षांवरचा भार तेवढा हलका होतो, हे त्याचे मोठे मोल आहे.

बाभूळ किंवा सागवान यांच्या खोडात बाहेरचे फिकट रसकाष्ठ व आतील गडद मध्यकाष्ठ असे दोन भाग स्पष्ट दिसतात. मध्यकाष्ठात साठलेली द्रव्ये कीड व बुरशी यांना रोखतात. रबरवृक्षाच्या खोडात असा भेद दिसत नाही. सर्व लाकूड पिवळसर पांढरे असून त्याच्या पेशींत स्टार्च व शर्करा विपुल असतात. हेच त्याच्या दुर्बलतेचे कारण होय. तोडणीनंतर थोड्याच दिवसांत त्यावर निळसर काळे डाग पाडणारी बुरशी चढते आणि लाकूड पोखरून त्याचे पीठ करणारे भुंगेरे त्यात शिरतात. म्हणून ओंडका एक-दोन दिवसांतच कापून त्याच्या फळ्यांस टाकणखार व बोरिक अम्ल यांच्या द्रावणाची प्रक्रिया देणे आणि मग भट्टीत वाळविणे आवश्यक ठरते. निर्वात व दाब यांच्या साहाय्याने द्रावण आत भरल्यास ते फळीच्या गाभ्यापर्यंत पोहोचते. नुसत्या बुडवणीने ते पृष्ठभागालगतच राहण्याची भीती असते. अशा फळीवर रंधा खोल चालविला तर संरक्षक थरच निघून जातो.

या शास्त्राशी गावच्या सुताराचा अनुभव अगदीच अपरिचित नाही. बाभळीचे ओंडके व बांबू काही महिने पाण्यात मुरवून मग वापरण्याची रीत जुनी आहे. पाण्यात रसकाष्ठातील शर्करादी विद्राव्य द्रव्ये काही अंशी निघून जातात व किडीचे अन्न कमी होते. रबराचे ओंडके पाण्याखाली ठेवल्यास तेही काही काळ निर्धोक राहतात; परंतु त्यांतील स्टार्च एवढ्याने जात नाही. म्हणून बाहेर काढल्यावर प्रक्रिया अटळ असते.

मात्र ही प्रक्रिया झाली की नाही, हे विकत घेणाऱ्यास डोळ्यांनी दिसत नाही. बारीक छिद्रे, त्यांतून गळणारे पिठासारखे चूर्ण व निळसर रेषा ही बिघाडाची चिन्हे होत; पण ती दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. यावर हळदीची परीक्षा उपयोगी पडते. फळीच्या नव्या छेदावर हळदीचा अल्कोहोलातील अर्क लावून तो वाळू द्यावा, आणि त्यावर सॅलिसिलिक अम्लयुक्त हायड्रोक्लोरिक अम्ल लावावे. जेथे बोरॉन पोहोचले असेल तो भाग लाल होतो. उरलेला पिवळाच राहतो. अम्ल दाहक असल्याने ही परीक्षा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जाणत्याच्या देखरेखीखाली करणे इष्ट.

बोरॉनची संयुगे पाण्यात विरघळतात. म्हणून पावसाचे पाणी लागणारी दारे, खिडक्या, अंगणातील बाके किंवा न्हाणीतील पाट यांस हे लाकूड वापरू नये. जमिनीलगत ठेवल्यास वाळवीचेही भय असते. घरातील टेबल, खुर्ची, पलंग, कपाटाची चौकट व कातकाम यांस ते उत्तम होय. त्याचे वजन घनमीटरास सुमारे ५६० ते ६४० किलोग्रॅम भरते; रंधा व करवत त्यावर सहज चालतात आणि रंगही चांगला बसतो. खिळा ठोकण्यापूर्वी मात्र भोक पाडून घ्यावे, अन्यथा फळी तडकते. त्यातील ताणकाष्ठामुळे लांब फळ्या वाकतात. म्हणूनच आखूड तुकडे सरसाने जोडून केलेल्या रुंद फळ्या बाजारात अधिक आढळतात. जुन्नरच्या पूर्वभागात वैशाखातील व श्रावणातील हवेत मोठे अंतर असते. त्यामुळे आणलेल्या फळ्या काही आठवडे कामाच्या जागीच, हवा खेळेल अशा रचून ठेवाव्यात आणि रुंद फळी चौकटीत बसविताना तिला फुगण्यास जागा ठेवावी.

रबराच्या लाकडाची योग्यता अशा रीतीने वृक्षाच्या जातीपेक्षा तोडणीनंतरच्या पहिल्या दिवसांवर अधिक अवलंबून असते. हा धडा निमगाव सावासारख्या गावांस आणखी एका कारणाने मोलाचा आहे. बांधावरच्या आंब्याचे लाकूडही असेच फिकट, कीड लागणारे व म्हणून हलके समजले जाते. पण तेही प्रक्रियेचे द्रावण चांगले शोषून घेते. जी तत्परता बागाईतदार रबराच्या ओंडक्यास दाखवितात, ती जुन्या आंब्याच्या ओंडक्यास दाखविली गेली, तर सुताराला लागणारे बरेचसे लाकूड शिवारातच मिळेल.