मुलाच्या ताब्याचा अर्ज : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

संसार मोडतो तेव्हा भांडी, दागिने आणि घराच्या किल्ल्या यांची वाटणी कशीबशी होते. परंतु सात वर्षांच्या मुलाची वाटणी करता येत नाही, आणि म्हणूनच कुटुंब न्यायालयाच्या दफ्तरी दाखल होणाऱ्या कागदांमध्ये मुलाच्या ताब्याचा अर्ज हा सर्वांत जपून लिहावयाचा कागद होय. दुर्दैवाने तोच बहुधा सर्वांत अधिक संतापाने लिहिला जातो. नात्यातल्या आणि ओळखीच्या माणसांनी विश्वासाने पुढे केलेले असे बरेच मसुदे मी वाचले आहेत, व त्यांतील दोष भाषेचे नसून मनात घट्ट बसलेल्या काही गैरसमजांचे आहेत, अशी माझी खात्री झाली आहे.

न्यायाधीशांना थेट एक कळकळीचे पत्र पाठविले म्हणजे काम होईल, हा पहिला गैरसमज. एका पक्षाने दुसऱ्याच्या अपरोक्ष धाडलेल्या पत्रावर निर्णय देणे न्यायाच्या मूलतत्त्वालाच विरोधी आहे. ज्या मजकुराची नक्कल विरुद्ध पक्षास मिळते आणि जो रीतसर निशाणी पडून दाखल होतो, त्याचाच विचार होतो. कुटुंब न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 13 प्रमाणे वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही, त्यास न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे पुष्कळांना आपला अर्ज आपणच समजून घ्यावा लागतो. त्याच अधिनियमाचे कलम 14 न्यायालयास एरवी पुराव्याच्या कायद्यात न बसणारे कागदही पाहण्याची मुभा देते, हे खरे. पण कागद पाहणे निराळे आणि तो मानणे निराळे. शेजाऱ्यापाजाऱ्यांची दहा प्रशस्तिपत्रे जोडण्यापेक्षा, मुलाला रोज शाळेत पाहणाऱ्या एका शिक्षिकेने प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट शपथेवर सांगितली आणि उलटतपासणीस तोंड दिले, तर तिचे वजन अधिक पडते.

दुसरा गैरसमज सर्वांत घातक आहे. जोडीदाराचे चित्र जितके काळे रंगवावे तितका मुलाचा ताबा आपल्याकडे सरकतो, असे माणसे मनापासून मानतात. ‘गैरअर्जदार ही अत्यंत बेजबाबदार, उधळी, निष्ठुर व मुलाविषयी निष्काळजी आहे,’ असे एका मसुद्याचे पहिलेच वाक्य होते. चार विशेषणे, आणि तारीख एकही नाही. तो बाजूला ठेवून त्या बापाला मी एवढेच विचारले, की मुलाचा दिवस कसा जातो ते सांगा. मग कागदावर जे उतरले ते असे: मुलाला दम्याचा त्रास आहे, त्याचा इनहेलर दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो, शाळेची रिक्षा सात वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यावर येते, त्याला गणिताचे भय वाटते म्हणून रात्री जेवणानंतर अर्धा तास पाढे होतात, आणि झोपताना गोष्ट ऐकण्याची त्याच्या आईने लावलेली सवय आपण मोडलेली नाही. या शेवटच्या वाक्याने जे साधले ते चार विशेषणांना कधीच साधले नसते, कारण त्यातून असा बाप दिसतो की ज्याच्या घरी मुलाला आपली आई विसरावी लागत नाही. ताबा हे सद्वर्तनी पक्षास मिळणारे बक्षीस नव्हे. पालक व पाल्य अधिनियम, 1890 चे कलम 17 आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 चे कलम 13 ही दोन्ही मुलाच्या हिताकडेच बोट दाखवितात, आणि मुले ही आईबापांची मालमत्ता किंवा खेळणी नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब खटल्यात 1973 साली बजावले आहे.

याचा अर्थ खरा धोका दडवावा असा मुळीच नाही. मारहाण झाली असेल तर तारीख, वेळ, जागा, कोणी पाहिले, दवाखान्याचा कागद, पोलिसांत दिलेली तक्रार, हे सर्व क्रमवार लिहावे; मात्र शपथेवर खोटे लिहिणे हा गुन्हा आहे, हे विसरू नये.

पाच वर्षांपर्यंत मूल आईचे आणि त्यानंतर आपोआप बापाचे, ही समजूतही अशीच अर्धवट आहे. 1956 च्या अधिनियमातील कलम 6 मध्ये पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा ‘सामान्यतः’ आईकडे असावा असे म्हटले आहे. पाचव्या वाढदिवशी तो बापाकडे जातो, असे कोठेही म्हटलेले नाही.

मुलाच्या हातचे पत्र अर्जास जोडण्याचा मोह तर अनेकांना आवरत नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या वळणदार अक्षरात ‘मला मानसिक स्वास्थ्य मिळत नाही’ हे शब्द मी वाचले आहेत, आणि ते कोणी सांगून लिहविले हे ओळखण्यास फारसा अनुभव लागत नाही. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकते, व त्यासाठी न्यायाधीश पुष्कळदा आपल्या दालनात त्याच्याशी स्वतः बोलतात. आईबापांपैकी एकाविरुद्ध साक्षीदार होण्याचे ओझे त्या लहान हातांवर घालण्याचे काही कारण नाही.

अर्जाच्या अखेरीस ‘सबब विनंती की’ असे लिहून पुढे ‘योग्य तो न्याय मिळावा’ एवढेच मागणारे लोक आपलेच नुकसान करतात. कोणत्या शनिवारी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, मुलाला कोणी आणावयाचे, कोठे सोपवावयाचे, दिवाळी व मे महिन्याची सुट्टी कशी विभागावयाची, दूर राहणाऱ्या पालकाने व्हिडिओ कॉल केव्हा करावयाचा, हे सारे मागणीत स्पष्ट हवे. मिळालेला हुकूमही अखेरचा नसतो. परिस्थिती पालटली तर तो बदलून मागता येतो. म्हणूनच दरम्यानच्या काळात जोडीदारास पाठविलेला प्रत्येक संदेश उद्या न्यायाधीशांपुढे वाचला जाईल, असे समजूनच लिहावा: ‘शनिवारी शाळेचे संमेलन आहे; रविवारी दहा ते पाच भेट ठेवावी का? संध्याकाळी सातपर्यंत कळवावे.’ एवढे पुरे. मागील उणीदुणी त्यात नकोत.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी निराश होऊ नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 अन्वये स्त्रिया व मुले यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मागता येते, आणि अल्प उत्पन्न असलेल्या पुरुषांनाही ते मिळते. अर्ज दाखल करण्यापूर्वी आपला मसुदा घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात एकवार अवश्य जावे.